घड्याळ: दुकानात हातावर घालून घ्यायचं की ऑनलाइन मागवायचं? (बारीक मनगटवाल्यांनी जरूर लिहा)

खडूवाली
९ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी डिचोलीला हायस्कूलमध्ये शिकवते. नऊ वर्षं वापरलेलं घड्याळ मे महिन्यात बंद पडलं. सेल बदलला, दोन दिवस चाललं, परत बंद. घड्याळजी म्हणाला, "बाय, आत मशीन गंजलंय. आता नवीनच घ्या."

मोबाईल मी वर्गात नेत नाही आणि परीक्षेच्या हॉलमध्ये तर तो बाहेरच ठेवावा लागतो. स्मार्टवॉचही तिथे चालत नाही. त्यामुळे साधं काट्यांचं, स्पष्ट आकड्यांचं, सेकंदकाटा असलेलं हवं. अडचण मनगटाची. साडेपाच इंच. लेडीज कप्प्यातली घड्याळं म्हणजे बांगडीत टिकली बसवल्यासारखी, चष्मा लावूनही किती वाजले ते कळत नाही. आणि जेन्ट्स घातलं की हातावर पोह्यांची बशी ठेवल्यासारखं दिसतं.

शेवटी एक पसंत पडलं, पांढऱ्या तबकडीचं, ३६ मिमी. पणजीला १८ जून रस्त्यावरच्या एका दुकानात गेले. त्यांच्याकडे तेच घड्याळ ४० मिमीमध्ये होतं, ३६ नव्हतं. "मागवून देतो, आठ दिवस लागतील, निम्मे पैसे आगाऊ." दुकानात ६,४९५, ऑनलाइन ५,२००. बिचाऱ्याने तासभर दहा-बारा घड्याळं काढून दाखवली, वर चहाही विचारला. चाळीसचं हातावर तसं बरं बसलं, पण घरी आल्यापासून शंका येतेय.

आता त्याच्याकडे बघून ऑनलाइन मागवायला मन धजत नाही, आणि ३६ न बघता घ्यायलाही नाही. काय करू?

म्हापसेकर
९ जुलै, रात्री ९:५२

बाय, मी बांगडासुद्धा कल्ला उघडून बघितल्याशिवाय घेत नाही. घड्याळ कसं घेऊ?

अबोली
९ जुलै, रात्री १०:०५

@म्हापसेकर काका, जुलैत बांगडा? ३१ तारखेपर्यंत बंदी आहे. तुम्ही बर्फातला बघताय. :)

म्हापसेकर
९ जुलै, रात्री १०:०७

म्हणून तर कल्ला बघतो.

पुणेरी_पर्वरीत
९ जुलै, रात्री १०:३१

सरळ ऑनलाइन घ्या. इथली दुकानं दुपारी एक ते चार झोपतात, ऑनलाइनवाले झोपत नाहीत. तेराशे रुपयांचा फरक आहे, त्यात वर्षभराचे खडू येतील. दुकानदाराने चहा विचारला म्हणून त्याचं भाडं आपण भरायचं का?

मांडवीकाठ
९ जुलै, रात्री १०:४८

@पुणेरी, तुमच्या गावची दुकानं दुपारी काय करतात ते आम्हाला ठाऊक आहे. तो विषय तुम्ही काढू नये.

मुद्द्याचं बोलायचं तर, मला हे पटत नाही. आपण जाऊन काच उघडायला लावतो, दहा घड्याळांचे पट्टे सोडवून बघतो, त्याच्या आरशात हात फिरवतो आणि घरी येऊन दुसरीकडे पैसे भरतो. म्हणजे दुकान हा फुकटचा आरसा. उद्या तो दुकान बंद करून तिथे कॅफे काढेल, मग बसा फोटो बघत. १८ जून रस्त्यावर माझ्या लहानपणीची किती दुकानं उरली आहेत ते मोजून बघा.

पुणेरी_पर्वरीत
९ जुलै, रात्री १०:५५

कॅफे काढला तर तिथे दुपारी जाता येईल.

घड्याळजीचा पोरगा
१० जुलै, सकाळी ७:२०

आमचं फोंड्याला दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, बाबा चाळीस वर्षं भिंग डोळ्याला लावून बसतात. मी संध्याकाळी मदत करतो. ताई, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेत. एक मापाचा, एक मनाचा. मनाचं तुम्ही बघा, मापाचं सांगतो.

३६ आणि ४० यात ४ मिमीचा फरक ऐकायला एवढासा वाटतो, पण तबकडी गोल असते. हिशेब केलात तर चाळीसची तबकडी छत्तीसपेक्षा सुमारे २३ टक्के मोठी भरते. म्हणून एक "बरं" आणि दुसरं "बशी" वाटतं.

दुसरं, नुसता व्यास बघू नका. पट्टा जिथे अडकतो ती वरची दोन आणि खालची दोन शिंगं असतात ना, वरच्या शिंगाच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचं अंतर महत्त्वाचं. ऑनलाइन माहितीत ते लग टू लग म्हणून देतात, पुष्कळदा देतही नाहीत. मनगटाचा वरचा सपाट भाग पट्टीने मोजा. शिंगं त्याबाहेर लोंबली की ते घड्याळ तुमचं नाही, मग तबकडी कितीही लहान असो. साडेपाच इंची मनगटाला हे अंतर ४४-४५ च्या आत असलेलं बरं.

फोटोवर तर भरवसाच नको. फोटोत शेजारी काही नसतं, सगळीच घड्याळं स्क्रीनभर. पुठ्ठ्याचा तेवढा गोल कापा, शिंगांसकट, सेलोटेपने हातावर चिकटवा आणि आरशासमोर हातभर लांब उभ्या राहा. अंदाज हवा असेल तर दहा रुपयांचं नाणं २७ मिमीचं असतं. बहुतेक लेडीज घड्याळं त्याच्या आसपास किंवा त्याहून लहान.

अबोली
१० जुलै, सकाळी ८:०२

दहाचं नाणं ठेवून बघितलं. माझं लग्नातलं घड्याळ त्याच्याखाली पूर्ण लपलं. वीस वर्षं मी डोळ्यांना दोष देत होते.

तारवटी
१० जुलै, दुपारी १:१५

मी जहाजावर. हातावर घालून घेतलं म्हणजे फसवणूक होत नाही हा भ्रम आहे, माझंच सांगतो. दुबईला बोट लागली होती, हातात चार तास. दुकानात एक जपानी ऑटोमॅटिक घातलं, अगदी झकास बसलं. पैसे दिले, धावत बोटीवर. तिसऱ्या दिवशी रात्री वॉचवर असताना बघतो तर वाराच्या खिडकीत अरबी अक्षरं! मशीन बिघडलं म्हणून परत फिरवतो तर इंग्रजी येतं. मग सेकंड इंजिनियरने हसत सांगितलं की आखाती देशांत विकायच्या घड्याळांत वाराच्या चकतीवर अरबी आणि इंग्रजी दोन्ही असतात. आपण इंग्रजी लावून ठेवलं तरी वार बदलताना मध्यरात्रीच्या सुमारास थोडा वेळ अरबी दिसतं.

आता सवय झाली. बायको म्हणते, "घड्याळात अरबी आलं, झोपा आता."

दोतोर
१० जुलै, दुपारी ३:४०

मस्त किस्सा. आमच्या आजोबांकडे पोर्तुगीज काळात पणजीत घेतलेलं स्विस घड्याळ होतं. तेव्हा पलीकडे भारतात बाहेरच्या मालावर निर्बंध, आणि आपल्याकडे दुकानात सहज मिळायचं. मुक्तीनंतर सावंतवाडीचे पाहुणे आले की सगळे आधी आजोबांचं मनगट बघायचे. गंमत अशी की गोवा मुक्त झाला १९६१ मध्ये आणि एचएमटीने बेंगळुरूला जपानच्या सिटिझनबरोबर घड्याळं बनवायला सुरुवात केली तीही १९६१ मध्येच. बाबांना नोकरी लागली तेव्हा आजोबांनी त्यांना एचएमटीच घेऊन दिलं. स्विस स्वतःकडे ठेवलं.

हातमाग
१० जुलै, संध्याकाळी ६:१०

एचएमटीचा विषय निघालाच आहे तर माझी जखम उघडी करतो. २०१६ मध्ये सरकारने एचएमटी घड्याळांचा कारखाना बंद करायचं ठरवलं तेव्हा मला एकदम उमाळा आला. बाबांच्या हातावर होतं तसं चावीचं 'जनता' हवं म्हणून एका साइटवर शोधलं. "जुनं, अस्सल, उत्तम स्थितीत." सुंदर मोरपंखी तबकडी. पंधराशे रुपये.

घरी आलं, बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, घड्याळ डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाले, "ह्या रंगाचं मी कधी बघितलं नाही." नखाने काचेच्या कडेला दाखवलं, तिथे आकड्यांच्या रेघा किंचित वाकड्या होत्या. तबकडी नव्याने रंगवलेली, काटे दुसऱ्याच कुठल्या घड्याळाचे. आत मशीन तेवढं खरं. विक्रेता म्हणाला, अस्सलच आहे, फक्त "रिफ्रेश" केलंय. परत घेतलं नाही.

जुनं घड्याळ मी आता हातात घेऊन, भिंगाखाली बघितल्याशिवाय घेणार नाही. नवीन असेल तर वेगळी गोष्ट, त्यात फसायला जागा कमी.

पुणेरी_पर्वरीत
१० जुलै, संध्याकाळी ६:३०

@हातमाग, पण चालतं ना?

हातमाग
१० जुलै, संध्याकाळी ६:३३

चालतं हो. दिवसाला दोन मिनिटं पुढे.

वाळपईचा पाऊस
१० जुलै, रात्री ८:५५

आमच्या सत्तरीतली परिस्थिती कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. ऑनलाइन वस्तू येते, परतीला मात्र माणूस येत नाही. मागच्या पावसाळ्यात एक घड्याळ मागवलं. दोन आठवड्यांत काचेच्या आतून वाफ धरली. परतीची विनंती टाकली तर "आपल्या पत्त्यावर ही सेवा उपलब्ध नाही." द्यायला पत्ता सापडला, न्यायला सापडेना! शेवटी म्हापशाला मावसबहिणीचा पत्ता घातला, तिथून उचललं.

एक सांगतो, पार्सल उघडताना मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा. आणि दाद देत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५. मला तिचा उपयोग झाला.

चामड्याचा पट्टा मात्र पावसात घेऊच नका, ऑनलाइन घ्या की दुकानात. चवथीपर्यंत त्यावर पांढरी बुरशी. नायलॉन किंवा रबर.

घड्याळजीचा पोरगा
१० जुलै, रात्री ९:३०

@वाळपई, वाफेबद्दल बाबांची एक युक्ती सांगतो. घड्याळ थोडं कोमट करायचं, गरम नाही, हाताला लागेल इतपत. मग काचेवर गार पाण्याचा एक थेंब ठेवायचा. मिनिटभराने थेंब पुसून बघायचं. काचेच्या आतल्या बाजूला धूसर डाग राहिला तर आत ओल आहे. असं घड्याळ लगेच उघडून सुकवायला हवं, नाहीतर ताईंच्या जुन्या घड्याळासारखं मशीन गंजतं.

आणि मागच्या झाकणावर ३० मीटर लिहिलंय म्हणून कोळव्याला समुद्रात उतरू नका. ३० मीटर म्हणजे हात धुताना उडालेलं पाणी, पावसाचे शिंतोडे. पोहायला निदान १००. खाऱ्या पाण्यातून आल्यावर नळाखाली धुवा, पण आधी चावी आत दाबलेली आहे ना ते बघा. लोक नेमकं तेच विसरतात.

मांडवीकाठ
१० जुलै, रात्री ९:४४

@पोरगा, तुमच्याकडे लोक ऑनलाइनची घड्याळं घेऊन चेनच्या कड्या काढायला येतात का? राग येत नाही बाबांना?

घड्याळजीचा पोरगा
१० जुलै, रात्री १०:०१

येतात, आठवड्याला सात-आठ. बाबा पन्नास रुपये घेतात, रागबिग काही नाही. ते म्हणतात, आपल्याकडे विकायला घड्याळं नाहीतच, मग कुणी कुठून घेतलं याचं आपल्याला काय? राग येतो तो एका गोष्टीचा. कड्या काढून झाल्या की लोक म्हणतात, "शी, मोठंच वाटतंय, परत पाठवतो." एकदा कडी काढली, पिना हलल्या, की ते घड्याळ वापरलेलं झालं. परत घेणार नाहीत. म्हणून आधी चेन आहे तशी ठेवून, मागच्या बाजूने रबरबँड लावून घरात दोन दिवस घाला. प्लॅस्टिकची फिल्मही काढू नका. नक्की झालं की मग या.

काढलेल्या कड्या बाबा छोट्या पिशवीत घालून देतात. ती पिशवी सांभाळा. दहा वर्षांनी मनगट तेच राहत नाही.

म्हापसेकर
१० जुलै, रात्री १०:०४

माझं राहिलेलं नाही. चार कड्या परत घातल्या.

अबोली
११ जुलै, सकाळी ९:१०

कुणीतरी आवाजाबद्दल लिहा. मी ऑनलाइन घेतलेलं घड्याळ दिसायला इतकं गोड, पण रात्री उशाजवळ ठेवलं की टक टक टक, पाली चुकचुकल्यासारखं. आता ते फ्रिजवर झोपतं. दुकानात घेतलं असतं तरी कळलं नसतं म्हणा, तिथे रस्त्याचा गोंगाट.

तारवटी
११ जुलै, सकाळी ९:४२

इंजिन रूममध्ये आण, ऐकू येणार नाही.

दोतोर
११ जुलै, सकाळी ११:२५

एक प्रश्न. ऑनलाइन सगळ्या घड्याळांत दहा वाजून दहा मिनिटंच का झालेली असतात?

मांडवीकाठ
११ जुलै, सकाळी ११:३१

काटे दोन्ही बाजूंना उघडे राहतात, वरच्या मधोमध कंपनीचं नाव दिसतं. शिवाय चेहरा हसरा वाटतो म्हणतात. आठ-वीसला तोच चेहरा रडका.

घड्याळजीचा पोरगा
११ जुलै, दुपारी २:१८

@खडूवाली, तुम्ही विषय काढून गायब झालात. एक विचारायचं राहिलं. चाळीसचं कुठल्या हातावर घालून बघितलंत? आणि तुम्ही रोज कुठल्या हातात घालता?

खडूवाली
११ जुलै, रात्री ८:१५

युनिट टेस्टचे पेपर तपासत होते, माफी. सगळे प्रतिसाद वाचले.

@पोरगा, तुमचा प्रश्न वाचून मी चक्क हातातला पेन खाली ठेवला. मी डावरी आहे! डाव्या हाताने लिहिते म्हणून घड्याळ उजव्या हातात घालते. दुकानदाराने सवयीने डावा हात पुढे करायला सांगितला, मीही केला. आत्ता टेपने मोजलं. डावं मनगट पावणेसहा, उजवं जेमतेम साडेपाच. म्हणजे तासभर मी चुकीच्या हातावर बघत होते!

घड्याळजीचा पोरगा
११ जुलै, रात्री ८:४०

ज्या हाताने काम करतो ते मनगट बहुतेक थोडं जाड असतं. आणि उजव्या हातात घातलं की चावी कोपराच्या बाजूला येते. म्हणजे हात मागे वाकवला तर ती टोचत नाही, हा तुमचा फायदा. वेळ लावताना मात्र घड्याळ काढावं लागेल. पुठ्ठा उजव्या हातावर लावून बघा.

पुणेरी_पर्वरीत
११ जुलै, रात्री ९:००

म्हणजे दुकानात जाऊनही मापाचं काही कळलं नाही. मी पहिल्या दिवशी काय म्हणालो होतो?

मांडवीकाठ
११ जुलै, रात्री ९:०३

तुम्ही खडूंचं म्हणाला होतात.

खडूवाली
३ ऑगस्ट, संध्याकाळी ५:५०

अपडेट देते, लांबलं तर वाचू नका.

पुठ्ठा कापला, चिकटवला. ३६ छान बसलं. धीर करून ऑनलाइन मागवलं. (मांडवीकाठ, शिव्या नंतर.) चार दिवसांत आलं. व्हिडिओ काढला, रबरबँड लावला, फिल्म तशीच ठेवली. मापाला तंतोतंत. घरात सगळ्यांना दाखवलं, सगळ्यांना आवडलं. दुसऱ्या दिवशी फिल्मसकट शाळेत घालून गेले.

तिसरा तास, नववीचा वर्ग. बाहेर धो धो, खिडक्या लावलेल्या, ट्यूबलाइट. फळ्याकडे वळताना घड्याळात बघते तर काटेच दिसेनात. पांढऱ्या तबकडीवर चकचकीत स्टीलचे काटे. ट्यूबचा उजेड तबकडीवर पडला की काटे तिच्यात विरघळतात. हात तिरका केला की दिसतात, सरळ केला की गायब. दोन दिवस मी वर्गात हात फिरवत होते. तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावरून आवाज आला, "टीचर, किती वाजले आम्ही सांगू?"

फोटोत तेच काटे काळेभोर दिसतात. आणि दुकानातल्या चाळीसचे काटेही हेच होते हो, पण तिथे वरून पिवळे दिवे, सगळंच लखलखत होतं. माप माप करत राहिले आणि मुळात वेळ दिसते का हे कुठेच बघितलं नाही, ना दुकानात, ना साइटवर.

मग डबा उचलला आणि त्याच दुकानात गेले, पणजीला. खरं सांगून टाकलं की ऑनलाइन मागवलं होतं, काटे दिसत नाहीत. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी घड्याळ हातात घेतलं, दिव्याखालून बाजूला नेलं, जिन्याखालच्या अंधारात धरलं आणि म्हणाले, "ह्यातच निळी तबकडी येते, काटे पांढरे, रेडियमवाले." निळं ४० मध्ये होतं. ते घेऊन मी जिन्याखाली उभी राहिले. स्पष्ट दिसत होतं. यावेळी उजव्या हातावर.

ते हसून म्हणाले, "लोक माझ्याकडे बघून ऑनलाइन घेतात. तुम्ही ऑनलाइन बघून माझ्याकडे आलात."

निळं ३६ मागवायला सांगितलं, निम्मे पैसे दिले. आठ दिवसांचे अकरा झाले. ५,९००ला दिलं, कड्या तिथेच काढल्या, पिशवी कपाटात ठेवली आहे. ऑनलाइनवाल्यांचा माणूस पांढरं न्यायला तिसऱ्या फेरीला आला, पैसे परवा जमा झाले.

मांडवीकाठ
३ ऑगस्ट, संध्याकाळी ६:०४

शिव्या रद्द.

पुणेरी_पर्वरीत
३ ऑगस्ट, संध्याकाळी ६:११

म्हणजे ऑनलाइनपेक्षा सातशे जास्त दिलेत. बरोबर आहे ना हिशेब?

खडूवाली
३ ऑगस्ट, संध्याकाळी ६:१५

बरोबर. मी गणितच शिकवते.

अबोली
३ ऑगस्ट, रात्री ८:२०

फोटो टाका ना!

खडूवाली
३ ऑगस्ट, रात्री ९:०२

उद्या टाकते. आज काढला होता पण त्यात आठ-वीस झालेत. घड्याळ रडतंय.

म्हापसेकर
३ ऑगस्ट, रात्री ९:१०

बंदी उठली. उद्या सकाळी म्हापशाला ताजे बांगडे. कल्ला बघून घ्या.